चित्र क्रमांक चौदा

मंगळवारी दुपारी कुलूप काढलं आम्ही.
कुलूप म्हणजे पडद्यावरचा एक चौकोन,
त्यातली खूण मी पुसली
आणि एकशे दहा डॉलरला एक अशी
एकशे चाळीस पुस्तकं
कुणाचीही झाली.

खल्फाननं कहवा ओतला. खजूर फिरले.
डॉक्टर सुरैया म्हणाल्या, आता प्रेस कशावर चालवायचं
ते आजच्या दिवस मला विचारू नका.
बाहेर मस्कत चव्वेचाळीस अंशांवर,
पार्किंगमधल्या गाड्या तव्यावर टाकल्यासारख्या.

रात्री ठिपके बघत बसले, कुठून कोण वाचतंय.
सूर. सलाला. झांझिबार.
एक हेलसिंकीत, तिथं कुणाला हवी असतील गलबतं?
एक बाणकोटला.
नकाशा मोठा केला. बाणकोटच. खाडीच्या तोंडाशी.

गलबतांचं ते पुस्तक मीच लावलं होतं,
बारा वर्षांपूर्वी, इथल्या माझ्या पहिल्या हिवाळ्यात.
दोनशे सत्तर प्रती काढल्या.
ऐंशी ग्रंथालयांनी घेतल्या, उरलेल्या एकशे नव्वद
तळघरात, प्लास्टिकही न फाडलेल्या.
चित्र क्रमांक चौदा: सूरचा किनारा, अर्धा सांगाडा,
हातात वाकस धरलेला उघडा माणूस.
खाली ओळ, 'अज्ञात हिंदी सुतार.'
ओळ लेखकाची. पूर्णविराम माझा.

रविवारी मेल आली.
रोमन अक्षरांतली मराठी, ळ आणि ल एकाच दावणीला:

वृंदाताई, दुसऱ्या पानावर देवस्थळी वाचलं
म्हणून आपल्या भाषेत लिहिते.
तुमचे अज्ञात आमचे पणजोबा. हुसेन हुर्झूक.
नव्वदीच्या फुफीनं मोबाइल नाकाला लावून ओळखलं.
घरात एकच फोटो होता त्यांचा, पुरात गेला.
आणि अजून एक, राग मानू नका,
फोटो उलटा छापलाय तुम्ही.
दोन बोटं नव्हती त्यांना, डाव्या हाताची.
तुमच्याकडे उजव्याची नाहीत.
शाहीन हुर्झूक, मुक्काम पोस्ट बाणकोट.

मूळ काच काढली, खिडकीशी धरली.
मागच्या फळीवर खडूनं आकडा: अठ्ठ्याहत्तर.
आमच्या पानावर सत्त्याऐंशी.
अरबी सात आरशात सातच राहतो,
आठ आठच,
नुसत्या जागा बदलतात.
दोन परीक्षक, एक संपादक, मी,
आणि खल्फान, जो हे आकडे शाळेपासून लिहितो.
तो काच घेऊन बराच वेळ उभा राहिला.
मग म्हणाला, वल्ला, बघितलंच नाही ग आपण.

समितीनं विचारलं, नाव घालायचं तर पुरावा?
दोन बोटं, मी म्हणाले.
तीही नसलेली.
डॉक्टर सुरैयांनी चष्मा काढला, पुसला, परत घातला,
आणि सही केली.

आता पडद्यावर तो सरळ उभा आहे,
उजव्या हातात वाकस, खाली नाव, गाव.
तळघरात मात्र एकशे नव्वद वेळा
अजून डावखुरा, अजून अज्ञात.
त्यांचं काय करायचं हे ठरलेलं नाही.
बैठक पुढं ढकलली आहे, ईदनंतर.

काल शाहीनची दुसरी मेल. एकच ओळ.
फुफी विचारते,
पुस्तक परत कधी द्यायचं?