जून-जुलैचा रकाना

टेबलावर तीन कागद. उडू नयेत म्हणून
वर बर्फ फोडायचा टोचा.
कुटबणच्या धक्क्यावरून
डिझेलचा आणि बांगड्यांचा वास एकत्रच वर येतो.
आमच्या कारखान्यात ऋतू दोनच:
आत उणे दहा, बाहेर घाम.

पहिला कागद मडगावच्या बँकेचा. हरित कर्ज.
कोपऱ्यात एक हिरवं पान छापलंय,
कसलं ते ओळखता येत नाही,
माडाचं तर नक्कीच नाही.
व्याज अर्ध्या टक्क्यानं कमी,
पण दरवर्षी कुणीतरी येऊन मोजणार
आम्ही किती धूर वाचवला.
त्या मोजणाऱ्याची फी मी पेन्सिलीनं मांडून पाहिली:
वाचलेला अर्धा टक्का, आणि वर सातशे रुपये.
रोविना मॅडम हसल्या.
"पण नाव होतं ना, मालिनीबाई."
नाव गोठवून विकता येत नाही, मॅडम,
असं मी जिन्यात आल्यावर म्हटलं.

दुसरा वेर्ण्याच्या सौर कंपनीचा.
पैसा त्यांचा, पॅनल त्यांचे,
छप्पर तेवढं आपलं.
पंचवीस वर्षं त्यांचीच वीज घ्यायची,
नाही घेतली तरी बिल भरायचं.
टाय लावलेला मुलगा लॅपटॉपवर सूर्य दाखवत होता.
मी विचारलं, जून-जुलैत काय?
"पावसात जरा कमी बनते."
मी विजेचं विचारत नव्हते, बाळा.
बंदीत ट्रॉलर दोरांना बांधलेले असतात,
खलाशी गेलेले असतात ओडिशाला, रत्नागिरीला,
आणि बर्फ मागायला येतं
एखादं लग्नघर, नाहीतर मयताचं घर.
पंचवीस वर्षांनी मी ऐंशीची.
छपराचं वय कुणी विचारलंच नाही.

तिसरा सगुण टारकरच्या पतसंस्थेचा.
कागद कसला, वहीचं फाडलेलं पान.
व्याज बँकेहून दीड टक्का जास्त.
हिरवं त्यात काहीच नाही, शाईसुद्धा निळी.
फक्त खाली, त्याच्या किरट्या अक्षरात:
जून-जुलै हप्ता नाही.
सगुणचा भाऊ बारा वर्षं बोटीवर होता.

आठ दिवस मी हे तीन कागद
पत्त्यांसारखे पिसत राहिले.

मग एका रात्री इनासनं खाली बोलावलं.
तेवीस वर्षं तो कॉम्प्रेसर सांभाळतो,
त्यात एक कान गेला.
कागद पुढे केले तर म्हणाला, चष्मा घरी.
सायबिणीच्या तसबिरीपुढची उदबत्ती उचलली
आणि कोठीच्या दाराखाली फटीशी धरली.
धूर आमच्याकडे आडवा झाला,
कुणी आतून फुंकर मारावी तसा.
"बाये, तू सूर्य विकत घेतेस
आणि हांगा दार उघडं."

भिंतीतलं थर्माकोल उंदरांनी नेलेलं.
पाइपवरचं आवरण हात लावताच पीठ.
सहा लाखांत दार, भिंत, पाइप सगळं होईल,
सुताराला नि फिटरला विचारून आलेय.
तिन्ही कागद पुन्हा वाचले.
फटींसाठी रकाना कुठेच नव्हता.
खरंच आहे,
बुजवलेल्या भोकाचा फोटो कोण छापणार?

सोमवारी सगुणकडे गेले.
त्यानं विचारलं, कारण काय लिहू?
म्हटलं, दार.
त्यानं मान वर केली, मग लिहिलं: दार.

बरोबर केलं की नाही, माहीत नाही.
तो दीड टक्का
रात्री कुशीवर वळले की बाजूला असतो.
बँकेचा कागद मी फाडलेला नाही,
टोच्याखालीच आहे, पान वर करून.
सौरवाल्या मुलाचा परवा फोन आला होता.
म्हटलं, ऑगस्टात ये, बंदी उठल्यावर,
अर्ध्या छपराचं बोलू,
आणि येताना तो टाय नको,
इथे पट्ट्यात अडकतो.