येताना टोपी आण

गाडी पहाटे पोचते म्हणालास, ते बरं झालं.
आमच्या गावात पहाटच तेवढी माणसांची,
दहानंतर सगळं उन्हाच्या नावावर.
टोपी आण. पांढरी. फॅशनची नको.

रिक्षावाला मीटरला हात लावणार नाही.
"कुठं जायचं बे?" म्हणाला तर रागावू नकोस.
'बे' म्हणजे पाढा नव्हे, शिवीही नव्हे;
माणूस जवळचा वाटला की आपोआप शेवटी लागतो.
पत्ता मराठीत विचार, खूण कन्नडमध्ये कळेल,
भाव तेलुगूत ठरेल, सुट्टे उर्दूतून परत येतील.
मोजून घे. बहुतेक बरोबर असतात.

किल्ला आधी उरक. भुईकोट आहे, चढण नाही,
तुझ्या गुडघ्याचं तुझी आई बोलली होती.
मग तळ्यातल्या सिद्धेश्वराला जा,
पण पायमोजे घालून.
देव पाण्यात बसलाय,
फरशीवर भाजतात ते आपले तळवे.

(जानेवारीत, गड्ड्याच्या दिवसांत येणार असलास
तर लॉज शोधू नकोस, मिळणार नाही.
माझ्याकडे ये. नळाला रोज पाणी नसतं,
बादली मिळेल. एकच.)

कडक भाकरी तशीच चावायला जाऊ नकोस,
मोडून आमटीत टाक, दोन मिनिटं दुसरं काहीतरी बोल.
शेंगाचटणीला घरून डबा आण,
पिशवीतली सदऱ्याला लागते
आणि तो डाग मीही काढू शकत नाही.

चादर पहिल्या दुकानात घेऊ नकोस.
उलटी करायला सांग.
खरी असली तर मागेही तीच नक्षी असते,
फक्त रंगांनी जागा बदललेल्या:
इकडे लाल फूल, तिकडे तेच फूल निळं.
मागची बाजू दाखवायला जो कचरतो
त्याच्याकडून रुमालसुद्धा घेऊ नकोस.
एकतीस वर्षं कांड्या भरल्यात मी,
एवढं सांगायचा हक्क आहे.

राहिली तुझ्या आजोबांची गिरणी.
तिथं आता मंगल कार्यालय आहे. पार्किंग चांगलं आहे.
लग्नाची तिथ नसेल असा दिवस बघून जा,
वॉचमनचं नाव शंकरप्पा,
"येमूलांच्या नागमणीनं पाठवलं" म्हण,
चहाला वीस रुपये दे, तो नको म्हणेल, तरी दे.
जनरेटरच्या मागं एक लिंब आहे.
त्याच्याखाली हजेरी व्हायची.
तुझे आजोबा उशिरा यायचे, रोज,
आणि मुकादम त्यांचं नाव
मुद्दाम सगळ्यात शेवटी घ्यायचा.

फोटो काढण्यासारखं तिथं काही नाही.
जरा वेळ उभा राहा.
लिंबाची सावली पातळ असते,
टोपी डोक्यावरच असू दे.