पाणथरी

सात दाणे. डाव्या फुप्फुसाच्या
अस्तराला चिकटलेले.
फिल्म खिडकीला धरून डॉक्टर गप्प.
पॉलिसी कुठल्या कपाटात, ते मी आठवत होतो.

सुई सोमवारी ठरली.
जाता जाता त्या पोरसवदा बुळेबाईंनी
शर्ट वर करायला लावला,
पोटावरच्या जुन्या टाक्यांवर बोट टेकलं :
'काका, हे कधीचं?'

मानपूरचा घाट, चौऱ्याऐंशी साल.
माझी राजदूत, समोरून कांद्याचा ट्रक.
पाणथरी फुटली. एम.वाय.त काढून टाकली.
पुढं कुणी विचारलं नाही,
मीही सांगितलं नाही.

मग माझंच रक्त काढलं,
तापवून परत शिरेत सोडलं.
काळ्या पडद्यावर
सातच्या सात उजळले.

'कॅन्सर नाही, काका. ही तुमचीच पाणथरी.
तेव्हा छातीखालचा पडदा फाटला असणार,
त्यातून तुकडे वर उडाले
आणि रुजले.'

काढून टाकलेली,
चाळीस वर्षं
थकलेलं रक्त निवडत बसलीय,
पगार नाही, पेन्शन नाही.

सुई रद्द.
छावणीत उतरून पावशेर जिरावण घेतलं
आणि घरापर्यंत
डावी बाजू सांभाळत चाललो,
पेरलेल्या वाफ्याच्या कडेनं चालावं तसा.