यापा

हुआनकावेलिकाच्या रविवारच्या बाजारात
एर्मेलिंदा चुन्यो विकते :
जूनच्या हिवात उघड्यावर गोठवलेले,
सकाळी अनवाणी पायांनी तुडवून पाणी काढलेले,
वाळून खडे झालेले बटाटे.
आठ-दहा वर्षं टिकतात म्हणे.
एका चांगल्या सालाला जे खाऊन संपलं नाही
ते असं हलकं, काळपट, खडखडतं होऊन राहतं.

नगरपालिकेनं यंदा सगळ्यांना काटे दिलेत,
हिरवे आकडे दाखवणारे.
अर्धा किलो म्हणजे पाचशे.
पाचशे दोन झाले तर ते दोनही दिसतात,
आणि दिसलं की लाज वाटते,
देणाऱ्याला, घेणाऱ्यालाही.
म्हणून ती आधी मोजते, पिशवीत ओतते,
काटा शून्यावर येऊ देते,
आणि मग, काटा दुसरीकडे बघतोय असं धरून,
एक पसा वर घालते.
त्याला यापा म्हणतात.
तो मागावा लागतो.
न मागता दिला तर
उरलेला माल खपवतेय असं वाटतं.

मी इथं पाण्याचे मीटर बसवायला आलेय.
घरटी किती लागतं, किती गळतं,
तक्ते माझ्याकडे.
रात्री वहीच्या मागच्या पानावर
माझ्याकडचे शब्द मांडून पाहिले,
लागतं त्याहून जास्त असलेल्या वस्तूंचे :
फाजील. भरमसाट. वारेमाप. नको तितकं.
सगळे कपाळाला आठ्या घालून उभे,
हिशेब तपासायला आलेल्या कारकुनांसारखे.
अति तिथं माती, हेही लिहिलं.
पण दिवसभर पाहिलेले जांभळे, तांबडे, पिवळे बटाटे
मातीतूनच तर निघाले होते.
पार शेवटी, पेन ठेवता ठेवता, शीग आठवली.
पायली काठोकाठ भरल्यावर
वर जो डोंगर चढतो,
बोट लावलं तर ओघळणारा,
ती.
आता आमच्यात उत्सुकता शिगेला पोचते,
ताण पोचतो.
धान्य नाही पोचत.
पाकिटावर वजन छापलेलं असतं.

गेल्या रविवारी दोन तेओफिलो आला.
इथं वयस्क माणसाला मानानं हाक मारताना
नावाआधी 'दोन' लावतात.
माझ्या कानाला दर वेळी वाटतं, दोघं आले.
आजवर यायचेही दोघं.
अर्धा किलो तो घ्यायचा, यापा हिलारिया मागायची;
लाडीगोडी त्याला जमायची नाही.
मे महिन्यात ती गेली.

त्यानं मूठ दाखवली : एवढे पुरे.
काट्यावर नव्वद आले.
एर्मेलिंदानं पैसे सांगितले, त्यानं दिले,
आणि तिथंच उभा राहिला
टोपीच्या कानपट्ट्या ओढत.
मागची बाई म्हणाली, चला की हो.
एर्मेलिंदाचा हात गोणीवर.
मागितल्यावाचून घालायचं नाही,
आणि हा मागेना.
कोंबडीवाल्याचा रेडिओ तेवढा चालू.
अखेर, घसा खाकरून,
दुसऱ्याच कुणाच्या तरी आवाजाला वाट देत
तो म्हणाला, "यापायकुवाय, ममाय."
वर घाल ना गं, माय.

तिनं ओंजळ भरली.
दोन्ही हातांची, बोटांच्या फटींतून दोन-तीन खडे सांडेपर्यंत.
विकत घेतलेली मूठ,
वरची ओंजळ.
माप खाली, नी त्याहून मोठी शीग.
यातलं लागणारं कुठलं, वरकड कुठलं,
माझ्या तक्त्यात रकाना नाही.

तो उतारावरून गेला, पिशवी वाजवत.
काटा शून्य. हिरवा.
मी पुढे झाले, पाव किलो म्हटलं,
सुटे दिले
आणि गप्प उभी राहिले.
एर्मेलिंदानं भुवया वर केल्या :
माग की.