वयाच्या मानाने ठीक

बेलेममध्ये, नदीकाठच्या आरोग्यकेंद्रात
पंखा फिरतो. फॉर्म उडू नयेत म्हणून
मी त्यांवर स्टेपलर ठेवते.
वय, लिंग, शाळा किती, मिळकत किती.
ताप कधी आला? किती दिवस होता?

ओतासील्यू सर शंभरातून सात-सात वजा करत
सरळ दोनपर्यंत उतरतात.
पूर्ण गुण.
छत्री उचलताना म्हणतात, "परवा स्वतःच्याच पुस्तकातलं
एक पान तीनदा वाचलं, बाई.
लिहिणारा ओळखीचा वाटेना."
या वाक्याला फॉर्मवर रकाना नाही.

मग जुरेमा. मासळीबाजारातून थेट,
नखांत खवले.
त्र्याण्णव, म्हणते. शहाऐंशी.
मग हात मांडीवर ठेवून गप्प.
मी तक्ता बघते: स्त्री, एकसष्ट, चौथी पास.
या गटाच्या मानाने ठीक.

"ठीक?" ती हसते.
"अहो, चाळीस होड्यांची बर्फाची उधारी
या डोक्यात होती, वहीशिवाय.
कोण किती लागतो, कुणाची बायको बाळंत,
म्हणून या महिन्यात मागायचं नाही, तेही.
आता जो तो म्हणतो, जुरेमा, मी तर दिले.
आणि मी म्हणते, असेल."

समासात पेन्सिलीने लिहिते: होड्या, चाळीस.
मग तिला घरी न्यायला द्यायची ती,
गोळ्यांची, वारांचे कप्पे असलेली,
ती...
ताप मलाही आला होता, मार्चमध्ये.

जुरेमा बघत राहते. घाई करत नाही.
"डबी," म्हणते हळूच,
एखाद्याचं देणं सोडून द्यावं तसं.