ओरोन्योचा सिग्नल

रात्रीचे पावणेतीन. रोसारियो झोपलंय.
डेल्मिरा स्कार्पेत्ताच्या शेजारच्या सीटवर
पट्टा बांधून बसलाय थंड डबा;
आत दोन पारदर्शक पडदे, कुणाच्या तरी बुबुळांवरचे,
सकाळी दुसऱ्याच कुणाचे तरी होणारे.

हे शहर म्हणजे चौकटींची वही,
एकाआड एक गल्ली उलट्या दिशेची.
नकाशा अंतर सांगतो. अंतराचं काय घेऊन बसलात!
तिच्या बापाने तीस वर्षं
चौकाचौकातल्या लोखंडी पेट्या उघडून
पितळी दातेरी चाकं जुळवली:
नव्वद सेकंदांचा फेरा, त्यात अडतीस हिरवे,
पुढच्या चौकात तोच हिरवा नऊ सेकंद उशिरा.
‘मेंदोसावरून चाळिसाने जा,’ म्हणायचा,
‘दिवे दारं उघडत जातील.
साठाने गेलीस, तर प्रत्येक दार तोंडावर बंद.’

तो गेला त्या रात्री ती साठाने गेली होती.
नर्स चादर सारखी करत होती.
हात अजून कोमट.
‘चार मिनिटं झाली,’ नर्स म्हणाली.

मग वर्षभर जेवणाच्या टेबलावर कागद.
प्रत्येक चौक एक टिंब, प्रत्येक टिंबापाशी एक घड्याळ.
सान लुईसवरून गेले असते तर?
पेयेग्रिनीला डावीकडे? तो बाण सातच सेकंद टिकतो.
आधी दोन गल्ल्या मागे?
मागे जाणंही कधीकधी जवळचं असतं;
गणितात बसतं हे, माणसांना सांगता येत नाही.
शेकडो वाटा निघाल्या.
काही धावत येऊन लाल दिव्यापाशी धापा टाकणाऱ्या,
काही मागून रमतगमत,
आणि दिवा बदलला की सगळ्याच
एका रेघेवरून, एकाच क्षणी
ओरोन्यो ओलांडणाऱ्या.
सगळ्यांत चांगली वाट
एकोणीस सेकंद वाचवत होती.

एकोणीस.
तिने तीनदा पडताळून पाहिलं.
मग उठून भांडी घासली.

आज ओरोन्योला लाल.
ताडांच्या दोन रांगा, आणि एक कुत्रं,
नियम पाळून थांबलंय की नुसतंच थांबलंय, कोण जाणे.
तोडता येईल सिग्नल. बघायला कुणी नाही.
पण पुढचा चौक तिला पाठ आहे:
इथं वाचवलेलं सगळं तिथं उभं राहून द्यावं लागतं.

डब्यावर हात ठेवून ती मोजते,
बाप मोजायचा तशी, ओठ न हलवता.
पन्नास.
एक्कावन्न.