पेन्सिलीनं

साडेसहाचा जादा तास. खानापूरचं धुकं
बाकांवर आधीच येऊन बसलेलं.
सिस्टर एर्मेलिंदा फळ्यावर बेंझिनचं कडं काढतात,
खडू मोडतो, कोंकणीत पुटपुटतात,
समजावतात इंग्रजीत
आणि मागच्या बाकाला दम भरतात कानडीत.
मराठी उरते डब्यापुरती.

कॉलेजचा कच्चा फॉर्म भरताना
पहिल्याच रकान्यात अडले :
धारवाड की कोल्हापूर?
बाबा म्हणाले, कोल्हापूर, आणखी काय.
मामा म्हणाला, आधी फी बघ.

सिस्टरनी एवढंच विचारलं,
नंदगडची शेवटची बस किती वाजता?
मग आपली पेन्सिल पुढे केली.
मागचं टोक चावून चावून चपटं झालेलं,
त्यांच्याच दातांनी.
"हलक्या हातानं लिही," म्हणाल्या,
"शाई जूनमध्ये."